शंभर दाणे मोजायचे : शेतीचा पहिला पाठ



वागळे इस्टेटमधल्या मुलांना शेती शिकवायची म्हणजे आधी माती शोधत फिरायचं. १९६२ मध्ये राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाची सुरुवात जिथून झाली, तोच हा आमचा भाग. गाळे, वर्कशॉप आणि मधेमधे दाटीवाटीची वस्ती. यंदा आठवीचा कार्यानुभवाचा तास माझ्याकडे आला आणि मी शेतीची तोंडओळख घ्यायचं ठरवलं. डी.एड.पासूनच्या सवयीने रीतसर पाठ टाचण काढलं : शेतीची व्याख्या, खरीप-रब्बी, जमिनीचे प्रकार. दहा मिनिटांत मागचा बाक जांभया द्यायला लागला. सोयाबीन म्हणजे काय विचारलं, तर उत्तर आलं, "बाई, त्या भाजीतल्या वड्या!"

टाचण मिटलं. पुढच्या तासाला उगवण चाचणी घेतली. गावाकडे शेतकरी पेरणीआधी घरच्या बियाण्याची करतात, तीच.

कृती सोपी आहे. किराणा दुकानातून सोयाबीनचे दाणे आणा. (कृषी दुकानातलं रंग लावलेलं बियाणं मुलांच्या हातात देऊ नका, त्याला औषध चोळलेलं असतं.) ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, दोन दाण्यांत बोटाएवढी जागा सोडा. वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून हलकी गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडायचं, चिंब करायचं नाही. सहा-सात दिवसांनी मोजणी. इथे मुलं घाई करतात. मूळ आणि कोंब दोन्ही धड असतील तरच दाणा उगवला म्हणायचं. नुसता फुगलेला, कुजलेला किंवा मूळ तुटलेला धरायचा नाही. मुगाने हा प्रयोग हमखास छान होतो, पण मी मुद्दाम सोयाबीन घेतलं. त्याचं साल पातळ असतं, पोतं आपटलं तरी आतला अंकुर दुखावतो. म्हणजे आकडा कमी यायची शक्यता जास्त, आणि मला तेच हवं होतं.

सातव्या दिवशी गटांचे आकडे आले : ६४, ५८, ६२ आणि एका गटाचे ९५. मी जाऊन मोजले, तर ६० भरले. गटप्रमुख मान खाली घालून म्हणाला, "बाई, कमी लिहिले तर मार्क जातील ना?"

चूक माझीच होती. फळ्यावर मीच लिहिलं होतं, 'यशस्वी प्रयोग – ५ गुण'. मुलाने त्याचा सरळ अर्थ घेतला.

मी काही बोलायच्या आत लातूरकडची एक मुलगी उठली. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही अशा तक्रारी राज्यभरातून आल्या होत्या, तुम्हाला आठवत असेल. तिच्या घरच्या रानातही तेच झालं. ती म्हणाली, "आमच्यात दुबार पेरणी झाली. बी परत विकत, खत परत, आणि पावसाची ओल गेलेली." दिवाळीनंतर तिचे पप्पा ठाण्याला आले, ते इथेच पॅकिंगच्या कामाला लागले. वर्गात अशी किती घरं आहेत ते मी तोवर कधी विचारलंच नव्हतं. हात वर करायला सांगितले, तर निम्म्याहून जास्त.

मग फळ्यावरची ती ओळ पुसली आणि गुण खऱ्या नोंदीला दिले. गणितही तिथेच घेतलं, आठवीला 'चलन' आहेच. उगवण ७० टक्के असेल तर एकरी ३० किलो बियाणं लागतं. ६० टक्केच असेल तर किती? ३० गुणिले ७० भागिले ६०, म्हणजे ३५ किलो. ज्याने ९५ लिहिले होते, त्यालाच फळ्यावर बोलावलं. त्याने उत्तर काढलं, थोडा थांबला आणि म्हणाला, "म्हणजे माझ्या आकड्यावर कोणी पेरलं असतं, तर एकराला बी कमी पडलं असतं."

जाता जाता सांगते, हे काही नवं खूळ नाही. प्राथमिक शाळेत शेतीचं प्राथमिक ज्ञान द्यावं आणि प्रत्यक्ष शिकायला छोटं नमुना शेत असावं, असं महात्मा फुल्यांनी १८८२ मध्येच हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात सुचवलं होतं. आमच्याकडे शेत नाही, वाफाही नाही. गोणपाट तेवढं मिळतं.

पालकहो, हे घरीही करता येईल. गोणपाट नसेल तर वर्तमानपत्राची चार पदरी घडी चालते, फक्त ती लवकर सुकते, म्हणून दिवसातून दोनदा बघा. शिक्षकांनी सुरुवात सोमवारी करावी, म्हणजे मोजणी पुढच्या सोमवारी येते. रविवारी पाणी कोण घालणार, हे मात्र शनिवारी घंटा व्हायच्या आत ठरवा. आमच्या एका गटाची गुंडाळी त्या पायी वाळली. त्यांनी वहीत १०० पैकी ११ असं लिहून आणलं, आणि त्यांना पूर्ण गुण मिळाले.