पान तेच, दर्शन वेगळे

बारावीच्या भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेचे दिवस होते. अंधेरीच्या आमच्या महाविद्यालयात दहा-दहा विद्यार्थ्यांच्या तुकड्या पाडल्या होत्या. कोणत्या तुकडीची परीक्षा कोणत्या दिवशी, याची यादी मी स्वतः तयार केलेल्या एका वेब पानावर लावली होती. पहिल्या दिवशी दुसऱ्या तुकडीतील एक विद्यार्थिनी गैरहजर राहिली. तिसऱ्या दिवशी ती धापा टाकत प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली.

"सर, मैत्रिणीकडून आत्ता कळलं की माझी परीक्षा होऊन गेली."

"अगं, यादी आठ दिवसांपूर्वीच लावली होती!"

"मी रोज पाहत होते, सर. पानावर नुसतं शीर्षक यायचं, खाली काहीच नसायचं. मला वाटलं, तारखा अजून ठरल्या नाहीत."

मी माझ्या लॅपटॉपवर ते पान उघडले. यादी व्यवस्थित दिसत होती. मुलगी सबब सांगते आहे, असा विचार क्षणभर माझ्या मनात आला, हे कबूल केले पाहिजे. मग मी विचारले, "पान कुठे पाहिलंस?" ती घाटकोपरला राहते. घरातला एकमेव चांगला फोन वडील कामावर नेतात, म्हणून ती जवळच्या अभ्यासिकेतील संगणक वापरत होती. त्या संगणकावर विंडोज ७ होते.

तिला शेवटच्या तुकडीत बसवता आले, म्हणून तिचे गुण वाचले. पण प्रश्न उरला : एकच पान मला भरलेले आणि तिला रिकामे कसे दिसले?

पान म्हणजे चित्र नव्हे

छापील मासिकाचे पान सर्वांना सारखेच दिसते. शाई कागदावर एकदा बसली की ती बदलत नाही. वेब पानाचे तसे नसते. सर्व्हरकडून आपल्याकडे येते ती केवळ सूचनांची एक संहिता. "हे शीर्षक समजावे", "येथे चौकट आखावी", "ही यादी तारखेप्रमाणे लावावी", अशा त्या सूचना असतात. त्या वाचून पडद्यावर प्रत्यक्ष पान उभे करण्याचे काम आपल्या संगणकातील ब्राउझर करतो. नाटकाची संहिता एकच असली तरी प्रयोग नटमंडळींवर अवलंबून असतो, तसेच हे आहे.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत पहिला ब्राउझर तयार केला. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. तेव्हापासून आजपर्यंत सूचनांची भाषा सतत वाढत आली आहे. नवा शब्द जुन्या ब्राउझरला ठाऊक नसतो. कधी तो शब्द सोडून देऊन पुढे जातो, तर कधी तेथेच थांबतो.

कधी कधी शब्द तोच राहतो आणि अर्थ बदलतो. समजा, पानाची रुंदी ७६० बिंदू आहे आणि त्यात प्रत्येकी ३८० बिंदू रुंदीच्या दोन चौकटी शेजारी शेजारी बसवायच्या आहेत. प्रत्येक चौकटीत डावीकडे व उजवीकडे मजकुराभोवती १० बिंदू मोकळी जागा हवी. इंटरनेट एक्सप्लोरर ५ हा ब्राउझर ही मोकळी जागा ३८० मध्येच धरत असे. दोन चौकटी मिळून बरोबर ७६० होत. प्रमाणित नियमाप्रमाणे मात्र ३८० ही फक्त मजकुराची रुंदी. म्हणून एक चौकट ३८० + १० + १० = ४०० बिंदूंची आणि दोन मिळून ८००. आता त्या शेजारी मावत नाहीत, आणि दुसरी चौकट घसरून पहिलीच्या खाली जाते. २००१ साली आलेल्या इंटरनेट एक्सप्लोरर ६ मध्ये हा फरक दुरुस्त झाला, पण पानाच्या आरंभी योग्य ती घोषणा लिहिलेली असेल तरच!

दर्या आणि दऱ्या

मराठी वाचकांना या घोटाळ्याचा अनुभव अधिक आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरही काही वर्षे अनेक मराठी संकेतस्थळे स्वतःचा खास फाँट वापरीत. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असत. तो फाँट वाचकाच्या संगणकात नसला की बातमीच्या जागी इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग दिसे.

युनिकोड या पद्धतीने प्रत्येक देवनागरी वर्णाला स्वतंत्र क्रमांक दिला. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला 'मंगल' हा फाँट विंडोज २००० बरोबर आला आणि युनिकोडमधील मराठी सामान्य संगणकावर दिसू लागली. पण क्रमांक साठवणे वेगळे आणि त्यांपासून योग्य आकार जुळवणे वेगळे. 'कि' लिहिताना संगणक आधी क (२३२५) आणि मग ऱ्हस्व वेलांटी (२३६७) साठवतो, परंतु पडद्यावर वेलांटी क च्या आधी काढावी लागते. विंडोज एक्सपीमध्ये ही जुळवणी करणारी सोय बऱ्याच वेळा मुद्दाम चालू करावी लागे. ती नसली आणि आकार साठवलेल्या क्रमानेच मांडले गेले, तर 'किरण' हा शब्द 'करिण' असा दिसे. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाची याहून मोठी फजिती कोणती?

आता हे दोन शब्द पाहा.

दर्या : २३४२, २३५२, २३८१, २३५१, २३६६
दऱ्या : २३४२, २३५३, २३८१, २३५१, २३६६

पाचांपैकी एकाच क्रमांकात एकाचा फरक! पण एक समुद्र आहे आणि दुसऱ्या सह्याद्रीत आहेत. हा फरक वाचकाच्या पडद्यावर टिकतो की नाही, हे लेखकाला स्वतःच्या संगणकावर बसून कळणार नाही. त्याला वाचकाच्या संगणकावर जाऊन पाहावे लागेल.

संगणकाच्या पोटात संगणक

मग जुने संगणक जमवावेत काय? ते महाग पडते, जागा अडवते, आणि दहा वर्षांपूर्वीची यंत्रे धड चालतीलच असे नाही. शिवाय एका विंडोजमध्ये इंटरनेट एक्सप्लोररची एकच आवृत्ती नीट बसत असे, त्यामुळे प्रत्येक आवृत्तीला वेगळे यंत्र लागे. यावर उपाय म्हणजे आभासी यंत्र, अर्थात व्हर्च्युअल मशीन.

कल्पना जुनी आहे. १९६० च्या दशकात संगणक अतिशय महाग होते. एकच यंत्र अनेकांना द्यायचे आणि प्रत्येकाला ते स्वतःचेच आहे असे वाटायला हवे, या गरजेतून आयबीएमच्या संशोधकांनी आभासी यंत्रे घडवली. १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही त्यांची प्रणाली बाजारात जाहीर झाली. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने हे तंत्र साध्या वैयक्तिक संगणकावर आणले. २००७ मध्ये आलेला व्हर्च्युअलबॉक्स हा प्रोग्राम तर विनामूल्य मिळतो.

हे चालते कसे? आपल्या खऱ्या संगणकाला यजमान म्हणू आणि त्यातील आभासी यंत्राला पाहुणा म्हणू. पाहुण्याची हार्ड डिस्क म्हणजे यजमानाच्या डिस्कवरील एक मोठी फाइल. त्याची स्मृती म्हणजे यजमानाच्या स्मृतीतून काढून दिलेला एक वाटा. बेरीज, वजाबाकी, तुलना अशा पाहुण्याच्या साध्या आज्ञा खरा प्रोसेसरच पार पाडतो, म्हणून वेग फारसा कमी होत नाही. परंतु डिस्क, स्मृतीची वाटणी यांसारख्या यंत्राच्या मर्मांना हात लावणारी आज्ञा आली, की देखरेख करणारा प्रोग्राम ती मध्येच अडवतो आणि पाहुण्याच्या हद्दीपुरतीच पार पाडतो. आपल्या इमारतीतच पाहा ना! घरातला नळ आपण केव्हाही सोडतो, पण गच्चीवरच्या टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह फिरवायचा तर सोसायटीच्या माणसालाच सांगावे लागते. पाहुण्याला मात्र या अडवणुकीचा पत्ता नसतो. आपण स्वतंत्र संगणकावर आहोत, असेच त्यातील विंडोज समजत असते.

आणखी एक मोठी सोय आहे. पाहुण्याची त्या क्षणाची संपूर्ण अवस्था जतन करून ठेवता येते. तिला स्नॅपशॉट म्हणतात. पुढे काहीही बिघडले तरी पुन्हा नेमके त्याच अवस्थेवर येता येते. लंबकाचा प्रयोग करताना आपण गोळा प्रत्येक वेळी त्याच कोनातून सोडतो. स्नॅपशॉटचे कामही तेच : प्रयोगाची आरंभीची स्थिती दर वेळी तंतोतंत सारखी ठेवणे.

दोषी कोण?

मी परवाना असलेल्या जुन्या प्रतीतून व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज ७ बसवले. अभ्यासिकेत जाऊन तेथील ब्राउझरची आवृत्ती पाहून आलो होतो. ती होती क्रोम १०९. विंडोज ७ वर चालणारी ही क्रोमची शेवटची आवृत्ती, जानेवारी २०२३ मधली. तीच पाहुण्यात घातली, स्नॅपशॉट घेतला आणि पान उघडले. शीर्षक आले, खाली कोरी जागा! त्या मुलीने सांगितलेले अक्षरशः खरे होते.

दोष विंडोजचा, ब्राउझरचा की माझा? भौतिकशास्त्रातला नियम येथेही लागू पडतो : एका वेळी एकच घटक बदलावा. प्रत्येक वेळी स्नॅपशॉटवर परत येऊन मी पुढील निरीक्षणे घेतली.

१. विंडोज ७, क्रोम १०९, मूळ पान : यादी रिकामी.
२. विंडोज ७, फायरफॉक्स ११५, मूळ पान : यादी दिसते.
३. विंडोज ७, क्रोम १०९, पानातील एक शब्द बदलून : यादी दिसते.

दुसऱ्या निरीक्षणात विंडोज तेच होते, म्हणून विंडोज निर्दोष ठरले. तिसऱ्यात ब्राउझरही तोच होता, म्हणजे दोष त्या एका शब्दात होता. यादी तारखेप्रमाणे लावण्यासाठी मी 'टूसॉर्टेड' ही नवी आज्ञा वापरली होती. क्रोमला ती ११० व्या आवृत्तीपासून समजते आणि फायरफॉक्सला ११५ पासून. क्रोम १०९ ला ती ठाऊक नसल्याने त्या ओळीवर प्रोग्राम थांबला आणि यादी लिहिण्याचे पुढचे काम राहूनच गेले. एका आवृत्तीचा फरक, आणि एका मुलीची परीक्षा हुकली!

दुरुस्ती सोपी होती. यादीची प्रत काढून तिला 'सॉर्ट' ही जुनी आज्ञा लावली. पण खरा धडा पुढचा होता. परीक्षेच्या तारखांसारखा महत्त्वाचा मजकूर दाखवण्यासाठी प्रोग्रामची गरजच काय? आता मी तारखा पानात साध्या तक्त्याच्या रूपाने लिहितो. प्रोग्राम चालला तर तो तक्ता अधिक सोयीचा होतो, न चालला तरी तो वाचता येतोच.

मर्यादा आणि सावधगिरी

आभासी यंत्राने सर्वच कळते असे नाही. जुन्या संगणकाचा मंदपणा त्यात दिसत नाही, कारण पाहुणा यजमानाच्या वेगवान प्रोसेसरवर धावतो. बोटाने हाताळायचा छोटा पडदाही त्यात नसतो. अनेक फोनचा प्रोसेसर वेगळ्या जातीच्या आज्ञा समजतो, म्हणून त्याची प्रत्येक आज्ञा भाषांतर करून चालवावी लागते आणि ते काम संथ होते. शक्य असेल तेव्हा खऱ्या फोनवर पाहणे हेच उत्तम.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी सर्वसामान्यांसाठी थांबवली. अशा पाहुण्यातून इंटरनेटवर भटकू नये. पासवर्ड तर मुळीच टाकू नये. तपासायचे पान यजमानाकडूनच त्याला पुरवावे आणि बाहेरची जोडणी बंद ठेवावी.

जगातले सगळेच जुने ब्राउझर तपासण्याची गरज नसते. आपला वाचक कोण आहे, त्याच्या हाती कोणते यंत्र आहे, हे आधी विचारावे. मी ते विचारले नव्हते. त्या दिवशी 'गैरहजर' असा शेरा त्या मुलीच्या नावापुढे होता. खरे पाहता गैरहजर होती ती माझी यादी.

करून पाहा

१. शिक्षकांच्या मदतीने शाळेच्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स घ्या. त्यात विनामूल्य मिळणारे लिनक्स आणि फायरफॉक्सची १०२ ही जुनी आवृत्ती बसवा. स्नॅपशॉट घ्यायला विसरू नका.

२. 'किरण', 'दर्या', 'दऱ्या', 'आचार्याला' आणि 'आचाऱ्याला' हे शब्द असलेले एक साधे पान तयार करा. ते यजमानात आणि पाहुण्यात उघडून तुलना करा व निरीक्षणे वहीत लिहा.

३. विचार करा : वरील तीन निरीक्षणांपैकी फक्त पहिले आणि तिसरे घेतले असते, तर दोष विंडोजचा नाही असे ठामपणे म्हणता आले असते काय? कारणासह उत्तर लिहा.