काझानला निघालेल्या भाच्यासाठी

भाचेबुवा, मेडिकलचं नक्की झालं, रशियातल्या काझानचं तिकीटही आलं म्हणे. मेतकूट, लोणचं, लोकरीचे मोजे हे सगळं तुझी आई बघेल. मला बोलायचंय ते तुझा फोन, कार्ड आणि पैशांबद्दल. अर्ध्या जगाने ज्या देशाशी व्यवहार तोडलेत, तिथे जाताना खिशातल्या प्रत्येक वस्तूबद्दल एकच प्रश्न विचारायचा: ही बंद करायची कळ कोणाच्या हातात आहे? कंपनी चांगली की वाईट, याचा इथे काही संबंध नाही. ज्या देशात ती आहे, तिथल्या सरकारने सांगितलं की तिला दुकान आवरावंच लागतं.

औषध कंपनीच्या नोकरीमुळे 2022 साली मी मॉस्कोत होतो. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर निर्बंध आले, आणि फेब्रुवारी संपता संपता मेट्रोच्या गेटवर लोक फोन टेकवायला लागले आणि गेट उघडेना. बिचाऱ्यांना कळेना, आपल्या बँकेवर तर निर्बंध नाहीत! पण मेट्रोचे पैसे जमा करून घेणारी बँक व्हीटीबी, आणि निर्बंध तिच्यावर. तुझी बँक सुरक्षित असून भागत नाही, समोरच्याचीही लागते, आणि मधल्या दलालांची तर तुला नावंही माहीत नसतात. मेट्रोचं स्वतःचं त्रोइका कार्ड ज्यांच्या खिशात होतं ते मात्र सरळ आत गेले. मॉस्कोला उतरशील तेव्हा ते कार्ड आधी घे.

10 मार्च 2022 पासून व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी रशियातलं काम थांबवलं. बाहेरच्या बँकांची कार्डं रशियात चालेनाशी झाली आणि रशियन बँकांची कार्डं रशियाबाहेर. त्या हंगामात गोव्यात मोरजी-हरमलला उतरलेल्या रशियन पाहुण्यांना ऐन सुट्टीत त्याचा हिसका बसला. पण खुद्द रशियात तीच कार्डं दुकानात चालत राहिली. काहींवरची मुदतीची तारीख उलटून गेली तरी चालत राहिली! यामागे आधीची अद्दल आहे. 2014 साली रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतला, त्या भानगडीनंतर काही रशियन बँकांची कार्डं रातोरात बंद पडली. मग रशियाने स्वतःची यंत्रणा उभी केली, ‘मीर’ नावाचं कार्ड काढलं आणि 2015 पासून देशातल्या देशात होणारे सगळे कार्डव्यवहार स्वतःच्या यंत्रणेतून फिरवायला सुरुवात केली. आपलंही असं स्वतःचं आहेच: रुपे कार्ड 2012 चं आणि यूपीआय 2016 चं. तेव्हा हे काय खूळ म्हणून नाकं मुरडणारे आपल्याकडे बरेच होते, मला आठवतंय.

तुला यातून घ्यायचं ते एवढंच, की इथल्या बँकेचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड तिथे नुसतं प्लास्टिक आहे. एटीएमसुद्धा पैसे देणार नाही. पहिले काही आठवडे रोखीवर काढायचे. डॉलर नेशील ते कोरे करकरीत ने. डाग पडलेली, शिक्का मारलेली, घडी विरलेली नोट बघितली की बदलून देणारी बाई काचेपलीकडून मान हलवते, नाहीतर कमी भाव देते. दहा हजार डॉलरपेक्षा जास्त रक्कम असेल तर विमानतळावर जाहीर करावी लागते, पण तेवढी तुला कोण देतोय! पोचल्यावर कॉलेजच्या मदतीने तिथलं खातं उघड आणि मीर कार्ड घे.

पुढच्या फीचं मात्र इथूनच बघून ठेव. कॉलेजला त्यांच्या बँकेचं नाव विचार, ते आपल्या बँकेच्या फॉरेक्सवाल्यांना दाखव आणि ‘पैसे जातील’ हे त्यांच्याकडून ईमेलवर लेखी घे. तोंडी ‘हो जातील, काका’ चालणार नाही. कित्येक रशियन बँका स्विफ्टच्या, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्याच्या, बाहेर आहेत, आणि ज्या आत आहेत त्यांचे पैसेही मधल्या बँका चौकशीसाठी अडकवून ठेवतात. याच फटीतून एक जमात उगवते: ‘तू इथे रुबल घे, तुझे बाबा तिकडे रुपये देतील.’ तो हवाला आहे, त्यात पडायचं नाही. ‘तुझं कार्ड आठवडाभर दे, दोन पैसे मिळतील’ म्हणणारे तर त्याहून वाईट. फसवणुकीच्या पैशांसाठी कार्ड भाड्याने देणं हा 2025 पासून तिथे फौजदारी गुन्हा आहे. आणि रशियन भाषेतल्या कुठल्याही नोकरीच्या कागदावर भाषांतर करून घेतल्याशिवाय सही करायची नाही. नोकरीच्या आमिषाने गेलेली आपली काही मुलं थेट युद्धाच्या आघाडीवर पोचली. काझानला आता आपला वाणिज्य दूतावास आहे, नंबर फोनमध्ये ठेव आणि पाकिटात कागदावरही.

फोन अँड्रॉइडच घे. आयफोनसाठी तू हट्ट धरला आहेस असं तुझी आई म्हणाली. आयफोन छानच असतो, पण ॲपलच्या दुकानातून रशियन बँकांची ॲप एकामागून एक काढली गेली, आणि तिथे आयफोनवर ॲप घ्यायला दुसरं दुकान नाही. माझ्या ऑफिसमधली हिशेबनीस बाई जुना, काच तडकलेला आयफोन जिवापाड जपायची, कारण त्यात बँकेचं ॲप शिल्लक होतं. नवा फोन घेतला तर ते परत मिळेल याची खात्री नाही. पुढे बँकांनी पैसे भरायचे स्टिकर काढले. नखाएवढी चिप असलेला छोटा चौकोन फोनच्या पाठीला चिकटवायचा आणि मशीनला टेकवायचा. एवढा महागडा फोन आणि पैसे भरतोय तो मागचा स्टिकर! अँड्रॉइडवर मीर पे आहे, शिवाय बँकेच्या ॲपने क्यूआर स्कॅन करून आपल्या यूपीआयसारखे पैसे देता येतात.

फोन सिम घेण्याआधीच पक्का कर. 2025 पासून परदेशी माणसाला सिम घ्यायचं तर चेहरा आणि आवाज नोंदवावा लागतो, सरकारी पोर्टलवर खातं लागतं, आणि ते सिम त्या एका फोनलाच बांधलं जातं. मित्राच्या फोनमध्ये घालून बघू म्हणशील तर चालणार नाही. इथलं सिम रोमिंगवर चालू ठेव, बँकेचे ओटीपी त्यावर येतात. पण ऑक्टोबर 2025 पासून परदेशी सिमवर उतरल्यानंतर पहिले 24 तास इंटरनेट आणि एसएमएस दोन्ही बंद असतात. म्हणून जे व्यवहार उरकायचे ते मुंबई सोडण्याआधी उरक, आणि हॉस्टेलचा पत्ता रशियन अक्षरांत छापून खिशात ठेव.

आता बघ, हे 24 तास काही अमेरिकेने लादलेले नाहीत, रशियानेच ड्रोनच्या भीतीने लादलेत. ड्रोन येतायत म्हणून मोबाइल इंटरनेट मधेच तुटतं आणि तेवढ्या वेळात सरकारने मान्य केलेल्या साइटच चालतात. लोक सगळं खापर निर्बंधांवर फोडतात, पण निम्मी कुलपं आतून लावलेली आहेत. मॉस्कोत जीपीएस तर युद्धाच्या आधीपासून वेडं आहे, क्रेमलिनपाशी उभं राहिलं की फोन म्हणतो तू विमानतळावर आहेस. नकाशा आधीच उतरवून ठेव आणि रस्त्यांची नावं वाचायला शीक. इन्स्टा इथेच सोडून जा. तिथे त्याच्या कंपनीला अतिरेकी ठरवलंय, आणि सप्टेंबर 2025 पासून अतिरेकी यादीतला मजकूर मुद्दाम शोधला तरी दंड आहे. व्हीपीएनच्या आड लपून शहाणपणा करू नकोस.

ईमेल, नोट्स, फोटो, सर्टिफिकेटं क्लाउडवर आहेत म्हणून निर्धास्त राहू नकोस. हे संकट फक्त रशियातच येतं असंही नाही. जुलै 2025 मध्ये युरोपने नायरा एनर्जीवर निर्बंध लावले. ही भारतात नोंदलेली कंपनी, रिफायनरी गुजरातेत वाडिनारला, पण जवळपास निम्मी मालकी रशियाच्या रोसनेफ्टची. मायक्रोसॉफ्टने तिची ईमेल आणि बाकी सेवा थांबवल्या. कंपनीला दिल्ली हायकोर्टात जावं लागलं आणि मेलसाठी मुंबईच्या रेडिफकडे. काही दिवसांनी सेवा परत आल्या, पण ते दिवस आठव. पेट्रोल पंप चालू आणि ऑफिसात मेल उघडत नाही! हार्ड डिस्क घे, तिच्यात सगळं उतरव, आणि पासपोर्ट, मार्कशीट, प्रवेशपत्र यांच्या झेरॉक्स वेगळ्या पिशवीत ठेव.

तिथे कोणी कुरकुर करायला लागलं की आमची गाणी बंद झाली, आमचं कार्ड चालेना, तर ऐकून घे, वाद घालू नकोस. पण मनात एवढं असू दे, की सीमेपलीकडे युक्रेनमध्ये वीज गेली तरी उघड्या राहतील अशा बँकांच्या शाखा 2022 च्या डिसेंबरात ठरवाव्या लागल्या, कारण वीजकेंद्रांवर क्षेपणास्त्रं पडत होती.

राहिलं आईचं. व्हॉट्सॲपचे कॉल ऑगस्ट 2025 पासून तिथे अडवतात. तिला आत्ताच बसवून ईमेल बघायला शिकव, साध्या एसएमएसचाही सराव करून घे. आठवड्यातला एक वार आणि वेळ ठरवा, आणि त्या वेळेला फोन नाही लागला तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती कोणालाही फोन करून रडणार नाही, असं कबूल करून घे. माझं ती ऐकत नाही. पोचल्यावर हॉस्टेलमधल्या सीनियर मुलांना विचार, या महिन्यात काय चालतंय. मी सांगितलेल्यातलं निम्मं तोवर बदललेलं असेल.