जन्मतारीख आधी, करार नंतर

लॉस एंजेलिसच्या उत्तर भागात सॅन फर्नांडो व्हॅली आहे. अमेरिकेतल्या प्रौढांसाठीच्या चित्रफितींचा धंदा कित्येक दशके इथेच एकवटला होता. तो इंटरनेटवर गेला तेव्हा अनेक कंपन्याही इथूनच उभ्या राहिल्या. अशा साइट्सचे कार्डावरचे पैसे वसूल करून देणाऱ्या एका कंपनीत मी पडताळणीचे काम करते. साइटचा मालक, तिला व्हिडिओ पुरवणारा स्टुडिओ, तिच्याकडे ग्राहक वळवून कमिशन घेणारा अ‍ॅफिलिएट, अशा सगळ्यांच्या फायली माझ्याकडे येतात. या धंद्याबद्दल प्रत्येकाचे मत वेगळे असेल. पण अठरा वर्षांखालचे मूल त्यात कोणत्याही नात्याने असता कामा नये, यावर दुमत होऊ नये. हे प्रत्यक्षात कसे सांभाळायचे, याबद्दल कामातून जे हाती आले ते इथे मांडते. ऑनलाइन पडताळणीचे बरेच काम आता भारतातूनही चालते. ते करणाऱ्या मराठी तरुण-तरुणींना याचा उपयोग व्हावा.

१. कॅमेऱ्यापुढे न येणाऱ्याचेही वय तपासा.

अमेरिकेचा १९८८ सालचा कायदा, ज्याला इथे सगळे ‘ट्वेंटी-टू फिफ्टी-सेव्हन’ म्हणतात, चित्रफितीत दिसणाऱ्यांच्या वयाची नोंद ठेवायला लावतो. त्यामुळे अनेक मालकांना वाटते की तेवढे झाले की संपले. पण साइटची जाहिरात करून टक्केवारी मिळवायला एक संगणक आणि थोडी हुशारी पुरते, आणि ती सोळा वर्षांच्या मुलाकडेही असते. त्याला भागीदार करून घेतले की प्रचारासाठीचे फोटो आणि क्लिप्स रोज त्याच्याच हाती जातात. जे साहित्य मुलांपासून दूर ठेवायचे, ते आपणच एका मुलाकडे पोचवतो. शिवाय करारही टिकत नाही. कॅलिफोर्नियात अज्ञान (अल्पवयीन) व्यक्तीला आपला करार सहसा मोडता येतो. भारतात तर मोहोरी बीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्येच सांगून ठेवले आहे की अज्ञानाचा करार मुळातच शून्य असतो.

२. चौकटीतली खूण म्हणजे पुरावा नाही.

‘मी १८ वर्षे पूर्ण केली आहेत’ या वाक्यापुढे खूण करायला कुणालाही क्षणभर लागतो. बँक खाते किंवा कर क्रमांक दिला म्हणजे माणूस सज्ञान, असेही नाही; अमेरिकेत सोशल सिक्युरिटी क्रमांक तान्ह्या बाळालाही मिळतो आणि आईवडिलांसोबत मुलाचे खाते उघडता येते. म्हणून सरकारने दिलेले, फोटो आणि जन्मतारीख असलेले ओळखपत्र हवेच. अर्जदार कंपनी असेल तर कंपनीच्या नोंदणीवर थांबू नये. नोंदणी कागदाची असते, जन्मतारीख माणसाला असते. मालक, सही करणारा आणि पैसे ज्याच्याकडे पोचतात तो, या तिघांची ओळखपत्रे मी वेगवेगळी मागते.

३. कागद खरा आहे आणि तो याच माणसाचा आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

१९८६ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये उघड झाले की या धंद्यातली एक अतिशय प्रसिद्ध अभिनेत्री बहुतेक सगळ्या चित्रफितींच्या वेळी अल्पवयीन होती. तिने वयाने मोठ्या असलेल्या दुसऱ्या मुलीच्या जन्मदाखल्यावर आपली ओळखपत्रे मिळवली होती. ओळखपत्र सरकारी होते. त्यामागची जन्मतारीख तिची नव्हती. दुकानांतून कॅसेट काढून घ्याव्या लागल्या, खटले उभे राहिले, आणि त्यातला एक १९९४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८८ च्या कायद्यामागे हाही धक्का होता. त्या सगळ्यात पहिले नुकसान एका मुलीचे झाले होते, हे मात्र धंद्यातल्या चर्चेत फार कमी ऐकू येते. या प्रकरणामुळे मी नुसत्या स्कॅनवर विसंबत नाही. समोरच्याला थेट व्हिडिओवर घेते, ओळखपत्र हातात धरायला सांगते, चेहरा जुळवते. वेगळ्या प्रकारचा दुसरा कागदही मागते.

४. तारीख वाचायला शिका.

०३/०४/२००८ ही तारीख अमेरिकेत ४ मार्च असते आणि भारतात ३ एप्रिल. अठराव्या वाढदिवसाच्या आसपास हा महिन्याचा फरक निर्णायक ठरतो. थायलंडच्या ओळखपत्रावर बौद्ध वर्ष असते, म्हणजे २५५१ हे २००८. नेपाळच्या कागदांवर विक्रम संवत असतो, साधारण ५७ वर्षे पुढे. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ओळीत मात्र सगळीकडे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. तीच ओळ मी शेवटी ताडून पाहते. सज्ञानतेचे वयही सगळीकडे एक नाही. अलाबामात ते १९ आहे आणि मिसिसिपीत २१. जिथे शंका येते तिथे अर्जदाराच्या आणि आपल्या ठिकाणच्या वयांपैकी मोठे वय धरावे.

५. आपल्याकडची १ जून समजून घ्या.

भारतातून आलेल्या अर्जांत १ जून ही जन्मतारीख वारंवार दिसते, आणि इथल्या सहकाऱ्यांना ती बनावट वाटते. मराठी माणसाला कारण ठाऊक असते. जन्माची नोंद नसलेल्या मुलाला शाळेत घालताना गुरुजींनी वय पुरे होईल अशी तारीख लिहिली, शाळा जूनमध्ये सुरू होत असे, आणि तीच तारीख दाखल्यावरून पुढच्या सगळ्या कागदांवर गेली. अशा माणसाला खोटे ठरवणे अन्याय आहे. पण ती तारीख अंदाजाची असू शकते, हेही खरेच. चाळिशीच्या माणसाच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही. कागदावर नुकतीच अठरा पूर्ण केलेल्याच्या बाबतीत बिघडते, म्हणून तिथे मी जन्म-मृत्यू नोंदणीतला दाखला मागते. तो मिळाला नाही तर फाइल पुढे जात नाही.

६. ‘आम्ही तपासले आहे’ हे उत्तर घेऊ नका.

स्टुडिओ म्हणतो एजंटने पाहिले, एजंट म्हणतो स्टुडिओने. अ‍ॅफिलिएट आपल्याखाली आणखी चौघांना जोडतो आणि त्यांची नावेही वर येत नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी एका मोठ्या साइटवरचे व्यवहार थांबवले, त्यानंतर मास्टरकार्डने ऑक्टोबर २०२१ पासून नियम कडक केले. व्हिडिओत दिसणाऱ्याचे आणि तो चढवणाऱ्याचे, दोघांचेही वय व ओळख तपासल्याची कागदपत्रे साइटकडे असलीच पाहिजेत, आणि ती असल्याची खात्री बँकेने करायची. मी करारातच लिहून घेते: साखळीतल्या शेवटच्या माणसाच्या ओळखपत्राची प्रत मागू तेव्हा दाखवावी लागेल, नसेल तर पैसे थांबतील. पैसे थांबतात म्हटल्यावर कागद सापडतात.

७. जे मागितले ते जपा.

या धंद्यात बहुतेक जण टोपणनावाने वावरतात. खरे नाव आणि घरचा पत्ता बाहेर पडला तर पाठलाग, धमक्या, घरच्यांची छळवणूक, सगळे मागे लागते. म्हणून प्रती ई-मेलने फिरवू नयेत, कोणी कोणती फाइल कधी उघडली याची नोंद राहावी. पुढच्या कंपनीला प्रत देताना पत्ता आणि फोन झाकावा. नाव, जन्मतारीख आणि फोटो उघडा ठेवावा.

८. नकार देण्याचा अधिकार लेखी मागून घ्या.

महिनाअखेर विक्री विभागाची घाई असते आणि भागीदार ‘कागद सोमवारी पाठवतो’ म्हणतो. त्या वेळी पडताळणी करणाऱ्याचा ‘नाही’ शेवटचा असला पाहिजे, आणि त्यासाठी त्याच्या पगाराचा विक्रीच्या आकड्यांशी संबंध नसावा. मी नोकरी घेताना हे विचारून घेतले. तुम्हीही घ्या.

९. मूल सापडले तर ती नुसती फाइल राहत नाही.

अर्जदार अल्पवयीन निघाला तर खाते बंद करून विषय संपवण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. ती सोडायला हवी. त्याला यात कोणी आणले, त्याच्याकडून आणखी काय करून घेतले, हा पुढचा प्रश्न असतो. मुलाचे आक्षेपार्ह चित्रण दिसले तर ते कुणाला पाठवू नये, आपल्यापाशी वेगळी प्रत करू नये. कंपनीच्या जबाबदार अधिकाऱ्यामार्फत लगेच कळवावे. अमेरिकेत ते ‘सायबरटिपलाइन’ या तक्रार यंत्रणेकडे जाते. भारतात सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलिसांकडे तक्रार करता येते, मुलांच्या मदतीसाठी १०९८ आहे, आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशी माहिती कळवणे बंधनकारक आहे. संकोचापोटी गप्प बसणाऱ्यालाही तो कायदा सोडत नाही. ज्या मुलाची बाजू घ्यायला त्या व्यवहारात दुसरे कुणीच नसते, त्याची बाजू आपण घ्यायची, म्हणून हे काम मन लावून करावे.