एकाच दिवशीच्या दोन नळ्या

क्षयाचे कल्चर लावायचे, म्हणजे जंतू वाढवून पाहायचे असतील, तर खेडमधल्या माणसाचा बेडका दूरच्या प्रयोगशाळेत जातो आणि अनोळखी लोकांच्या बेडक्यांशेजारी उघडला जातो. तिथे एक थेंब दुसऱ्याच्या नळीत उडाला, तरी धडधाकट माणसाच्या पदरी किमान सहा महिन्यांच्या गोळ्या पडतात. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात पॉझिटिव्ह कल्चर आलेल्यांपैकी सुमारे 3 टक्के जणांचा निकाल खोटा निघाला होता.

काय करावे

• नाव-नंबर बाटलीच्या अंगावर लिहा, झाकणावर नको. झाकणे बदलतात.

• एक्स-रे साफ, सूक्ष्मदर्शकाखाली जंतू नाही आणि दोन नमुन्यांपैकी एकच, तोही उशिरा वाढला, तर डॉक्टरांनी प्रयोगशाळेला फोन करून विचारावे: त्या दिवशी याच्या आधी कोणाची नळी उघडली होती?

• संशयित नळीचे आणि तिच्या आधी उघडलेल्या नळीचे, अशी दोन्ही कल्चर जपून ठेवा. क्षयाच्या जंतूचा जीनोम सुमारे 44 लाख अक्षरांचा असतो. सिक्वेन्सिंग केल्यावर दोन जंतूंत 12 पेक्षा जास्त अक्षरांचा फरक दिसला, तर एकाकडून दुसऱ्याला नुकती लागण झाल्याची शक्यता फार कमी. थेंब उडालेला असेल, तर फरक बहुधा शून्य किंवा एखाद-दुसऱ्या अक्षराचा.

• एच37आरव्ही या प्रमाण जंतूशीही ताडून पाहा. त्याचा जीनोम 1998 पासून उपलब्ध आहे. तो प्रयोगशाळेतच वाढवतात, म्हणून रुग्णाच्या नळीत सापडला तर संशय आधी प्रयोगशाळेच्या टेबलावर घ्यावा.

• मुंबईचा पत्ता विचारा. हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. समजा, खेडमधल्याच दोन गावांतले दोन रुग्ण, एक जण खोपीचा, दुसरा फुरूसचा. गावाकडे कधी भेट नाही, जंतू मात्र हुबेहूब सारखा. पण दोघे मुंबईत एकाच खोलीवर राहत असतील, तर ती खरी लागण असू शकते. सिक्वेन्सिंग फक्त सारखेपणा सांगते. जंतू खोलीत पसरला की टेबलावर, हे नोंदवही आणि माणसांशी बोलणेच सांगते.

काय टाळावे

• जीनोम जुळला, एवढ्यावरच 'भेसळ' असा शेरा मारू नका.

• एका वेळी दोन नळ्या उघडू नका. ढवळलेल्या नळीचे झाकण लगेच काढू नका, तुषार खाली बसू द्या.

• नमुन्यात मिसळायच्या बफर द्रावणाच्या एकाच बाटलीतून सगळ्या नळ्यांत ओतू नका. बाटलीचे तोंड एका नळीला टेकले, की पुढच्या साऱ्या नळ्या संशयात येतात.

• शंका आली म्हणून रुग्णाने स्वतःहून गोळ्या थांबवू नयेत. तो निर्णय डॉक्टरांचा.

• निकाल खोटा ठरला, तर घरच्यांना नुसता निरोप धाडू नका. डॉक्टरांनी समोर बसवून सांगावे आणि निक्षय या सरकारी क्षय-नोंदणी पोर्टलवरची नोंद त्याच दिवशी दुरुस्त करून घ्यावी.