दुखरा गुडघा एक, रिपोर्ट दोन

बँकेत काउंटरवर बसून पाठ धरते, म्हणून मी रोज सकाळी अजिंक्यतारा चढते. सातारकरांना यात नवल वाटायचं कारण नाही, निम्मं गाव तिथेच भेटतं. त्रेपन्नाव्या वर्षी माझा उजवा गुडघा कुरकुर करायला लागला. चढताना काही नाही, उतरताना मात्र वाटीच्या मागे कळ. तासभर खुर्चीत बसून उठलं की पहिली चार पावलं लंगडत.

नणंद म्हणाली, "वहिनी, वंगण संपलं असणार. आधी एमआरआय करून टाका, म्हणजे एकदाचं काय ते कळेल."

एकदाचं काय ते कळेल! या चार शब्दांनी मला आठ महिने नाचवलं.

त्याआधी एक एक्स-रे झाला होता, झोपवून काढलेला, आणि तो नॉर्मल होता. एक्स-रेत कूर्चा दिसत नाही एवढं मी ऐकून होते. मग नणंदेच्या ओळखीच्या डॉक्टरांनी गुडघा न बघता, फोनवर ऐकून चिठ्ठी दिली. सेंटरवर कळलं की दोन्ही गुडघे केले तर दुसऱ्याला निम्मे पैसे. मी बँकेतली, हिशोबात पक्की. म्हटलं, करून टाका दोन्ही.

संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर आले. उजवा उघडला. वाटीच्या कूर्चेला 'ग्रेड 2', आतल्या बाजूच्या मेनिस्कसमध्ये 'ग्रेड 2 सिग्नल', सांध्यात थोडं पाणी. ग्रेड हा शब्द आपण कॅन्सरच्या संदर्भात ऐकलेला. मी त्याचा अर्थ 'दुसरी पायरी, आता तिसरी येणार' असा लावला. डावा रिपोर्ट उघडलाच नाही. तो गुडघा दुखतच नव्हता, मग वाचायचा कशाला?

पुढचे तीन महिने मी गुडघा जपला. गड बंद, जिने बंद, मांडी घालून बसणं बंद. गौरी जेवायला बसल्या तेव्हा मी खुर्चीवरून सूचना देत होते. आणि गुडघा? तो आता सपाट रस्त्यावरही दुखायला लागला. साहजिकच मला वाटलं, ग्रेड वाढली. एका ठिकाणी रिपोर्ट दाखवला, तर दुर्बिणीने आतून साफ करून घेऊ म्हणाले. मी तारीखही घेतली.

ती तारीख पुढे ढकलली ती केवळ ऑडिटमुळे. त्या मधल्या दिवसांत आमच्या शाखेतल्या शिपाईमामांनी मला एका वयस्कर हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी लिफाफा बाजूला ठेवला. मला चालायला लावलं, बुटक्या स्टुलावरून एका पायाने उतरायला लावलं, वाटी दाबून पाहिली, टेपने दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी मांडी डावीपेक्षा दोन सेंटिमीटर बारीक निघाली. मग त्यांनी रिपोर्ट मागितले. उजवा वाचला, डावा वाचला आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "ताई, डावा किती दुखतो?"

"डावा? अजिबात नाही."

"याच्यात ग्रेड 3 आहे. उजव्यापेक्षा जास्त. मग आधी याचं ऑपरेशन करायचं का?"

मला हसू आलं नाही. घरी येऊन मी आयुष्यात पहिल्यांदा वैद्यकीय निबंध वाचायला घेतले. कळलं ते असं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या पन्नाशी ओलांडलेल्या 710 लोकांचे एमआरआय तपासले गेले. एक्स-रेत संधिवाताची खूण नसलेलेच लोक यात घेतले होते. 2012 साली निष्कर्ष छापून आले: 89 टक्के लोकांच्या गुडघ्यात काही ना काही बिघाड दिसला, 69 टक्क्यांच्या कूर्चेला इजा होती. आणि गुडघा दुखणारे व न दुखणारे यांच्यात फार फरक नव्हता. थोडक्यात, पन्नाशीनंतर गुडघ्याचा एमआरआय काढला की काहीतरी सापडणारच. सापडलेली गोष्ट हीच दुखणारी गोष्ट, हे मात्र चित्रावरून ठरत नाही.

याचं एक साधं कारण मला आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. कूर्चेत मज्जातंतू नसतात, रक्तवाहिन्याही नसतात. ती स्वतः दुखत नाही. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं अस्तर, आजूबाजूचे स्नायू आणि त्यांचे बंध. वाटीवर ताण येतो तो जिना उतरताना, उकिडवं बसताना. तो पेलायचं काम मांडीच्या पुढच्या स्नायूचं. तो स्नायू मी तीन महिने खुर्चीवर बसवून वाळवला होता. दुखणं वाढलं ते त्यामुळे.

दुर्बिणीने साफ करण्याचंही वाचलं. ह्यूस्टनमध्ये 180 संधिवाताच्या रुग्णांवर झालेला प्रयोग 2002 मध्ये छापून आला. काहींचा सांधा खरोखर धुतला, साफ केला, तर काहींच्या कातडीला नुसते छेद देऊन टाके घातले. दोन वर्षांनंतर दोघांच्या दुखण्यात फरक नव्हता. मी तारीख रद्द केली.

आता तुम्ही असाच रिपोर्ट हातात धरून बसला असाल तर काही गोष्टी. 'गादी झिजली' असं कोणी म्हणालं की आधी विचारा, कुठली गादी? आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरतो. कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरचा जेमतेम काही मिलिमीटरचा गुळगुळीत थर, आणि मेनिस्कस म्हणजे मधल्या दोन चंद्रकोरीसारख्या चकत्या. दोघांच्या ग्रेडही वेगळ्या. कूर्चेची ग्रेड खोली सांगते: 2 म्हणजे निम्म्या जाडीपर्यंत, 3 म्हणजे निम्म्याहून खोल, 4 म्हणजे हाड उघडं. अशा ग्रेड मुळात आउटरब्रिज नावाच्या शल्यविशारदाने 1961 मध्ये शस्त्रक्रियेत डोळ्यांनी पाहून मांडल्या, खोलीवरची ही मोजणी आणि तिचा चित्रांवरचा वापर नंतर आला. मेनिस्कसमधला 'ग्रेड 2 सिग्नल' पृष्ठभागापर्यंत पोचलेला नसतो, म्हणजे चकती फाटलेली नसते. मी ती फाटली असं धरून रडले होते.

एक्स-रे काढाल तर उभ्याने काढा. झोपल्यावर सांध्यावर भार नसतो, फट खरी आहे त्यापेक्षा मोठी दिसू शकते. एमआरआय तर बहुधा झोपूनच होतो, त्यामुळे उभ्या एक्स-रेचं काम तो करू शकत नाही. पंचेचाळिशीनंतर हालचालीने दुखणारा, सकाळी अर्ध्या तासाच्या आत मोकळा होणारा गुडघा डॉक्टर हाताने तपासूनच ओळखतात, त्याला एमआरआय लागत नाही.

मग तो करूच नये का? तसं मी म्हणत नाही. यंत्र उत्तम आहे, क्ष-किरण नाहीत आणि कूर्चेतल्या पाण्यातून चित्र काढतं. विचारायचा प्रश्न एकच: "डॉक्टर, यात जे दिसेल त्याने उपचार बदलणार आहे का?" पडल्यावर गुडघा सुजला, पाय मध्येच सटकतो, तरुण खेळाडूच्या कूर्चेचा तुकडा निघाल्याची शंका आहे, कूर्चा दुरुस्तीची शस्त्रक्रिया ठरवायची आहे, किंवा उपचार नीट करूनही महिनोन्महिने फरक नाही, तर जरूर करा. गुडघा अडकून सरळच होत नसेल, ताप येऊन लाल-गरम झाला असेल, रात्रभर ठणकत असेल, तर हा लेख वाचत बसू नका, आजच दाखवा.

करायचाच ठरला तर मंगळसूत्र, जोडवी, केसांतल्या पिना घरीच ठेवा. दुखऱ्या जागी औषधाचा पॅच असेल तर काढा, काहींत धातूचा पातळ थर असतो आणि तो भाजतो. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेला कुठलाही धातू असेल तर आधीच सांगा. आत वीस-पंचवीस मिनिटं ठोकाठोक चालते, तेव्हा पाय हलवू नका. थर मुळात मिलिमीटरचा, जरा हललं तरी चित्र धूसर. आणि डॉक्टरांकडे जाताना नुसता कागद नको, चित्रंही न्या. जुना रिपोर्ट असेल तर तोही न्या.

माझ्या गुडघ्याचं म्हणाल, तर एका फिजिओथेरपिस्ट मुलीने मला पायरीवरून सावकाश उतरायला, भिंतीला टेकून बसायला शिकवलं. कंटाळवाणं होतं, आणि पहिले तीन आठवडे दुखलं. पाच महिन्यांनी मी पुन्हा गडावर गेले, उतरताना काठी घेऊन. उजवा पावसाळ्यात कधीमधी कुरकुरतो. ग्रेड 3 वाला डावा अजून एकदाही दुखलेला नाही.