वेबसाइटची ऑर्डर थेट शीटमध्ये: साचा न बनवता जेसन कसं वाचायचं?

व्हिडिओमध्ये आपण वेबसाइटची ऑर्डर गूगल शीटमध्ये आणली. आता त्यातला पैशांचा भाग नीट समजून घेऊ.

ऑर्डर येते ती जेसन नावाच्या मजकुरात. प्रत्येक माहितीला एक नाव, आणि त्यापुढे तिचं मूल्य:

{"ग्राहक": "सुनीता", "रक्कम": "450", "कुरिअर": 50}

जावा, सी शार्पमध्ये साधारणपणे आधी क्लास, म्हणजे साचा, लिहून ठेवतात: कोणती नावं येणार, कुठे आकडा, कुठे मजकूर. पण आपल्या धंद्यात आज कूपन सुरू होतं, उद्या गिफ्ट पॅकिंग. दर वेळी साचा बदलायला डेव्हलपर कुठून आणणार? ॲप्स स्क्रिप्ट जावास्क्रिप्टवर चालते. तिथे 'जेसन डॉट पार्स' ही एकच आज्ञा मजकुराचं ऑब्जेक्ट बनवते. मग 'ऑर्डर.रक्कम' लिहिलं की मूल्य हातात!

सोय मोठी आहे, पण दारावरचा राखणदार गेला. साचा जी चूक पकडायचा, ती आता तुम्हाला पकडायची आहे. म्हणून बेरीज करण्याआधी तीन गोष्टी बघा.

1. नाव आलंय का? 'कुरिअर' आलंच नाही, तर मूल्य 'अनडिफाइन्ड' मिळतं. ते आकड्यात मिळवलं की उत्तर 'नॅन', म्हणजे 'हा आकडाच नाही'. तिथे डोळे झाकून शून्य धरू नका. डिलिव्हरी मोफत असणं वेगळं आणि माहितीच न येणं वेगळं. अशी ऑर्डर 'तपासा' नावाच्या वेगळ्या टॅबमध्ये टाका.

2. आकडा आहे की मजकूर? वर 450 अवतरणचिन्हांत आहे, म्हणजे तो मजकूर. त्यात 50 मिळवले तर 500 नाही, 45050 येतात! 'नंबर' फंक्शनने आधी आकडा करून घ्या. मात्र रिकाम्या मजकुराचं हे फंक्शन शून्य करतं, म्हणून रिकामं आहे का ते आधी बघा.

3. रुपये की पैसे? रेझरपेकडून रक्कम पैशांत येते. 50000 म्हणजे 500 रुपये. 100 ने भागायला विसरू नका.

आणखी एक सवय लावा: आलेला मूळ जेसन शेवटच्या कॉलममध्ये जसाच्या तसा ठेवा. हिशोब चुकला तर मूळ ऑर्डर तपासायला मिळते.

आजचा गृहपाठ: वरच्या ऑर्डरमधून 'कुरिअर' काढा आणि स्क्रिप्ट चालवा. ती ऑर्डर 'तपासा' टॅबमध्ये गेली, तरच खऱ्या ऑर्डर जोडा.