राणीचे वेतन

नाटकातील राजा पडदा पडेपर्यंतच राजा असतो. त्यानंतर तो आपल्या कष्टाचे मोल मागणारा साधा नट होतो. हे मोल कशाच्या आधारे ठरवावे? इंग्लंडमधील एक प्रसंग या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे.

राणी दुसरी एलिझाबेथ यांच्या जीवनावरील ‘द क्राउन’ ही मालिका २०१६ साली प्रेक्षकांपुढे आली. तिच्या पहिल्या दोन पर्वांत क्लेअर फॉय या अभिनेत्रीने राणीची, तर मॅट स्मिथ या अभिनेत्याने राणीच्या पतीची भूमिका केली. कथा राणीची, त्यामुळे मुख्य भार फॉय यांच्यावर होता. त्यांच्या अभिनयाचा पुरस्कार देऊन गौरवही झाला. परंतु मार्च २०१८ मध्ये जेरुसलेम येथील एका परिषदेत निर्मात्यांना वेतनाविषयी प्रश्न विचारण्यात आला, तेव्हा राणीपेक्षा तिच्या पतीलाच अधिक वेतन मिळाल्याचे उघड झाले!

याचे कारण असे सांगण्यात आले की, स्मिथ हे ‘डॉक्टर हू’ या लोकप्रिय मालिकेचे नायक म्हणून आधीच प्रसिद्ध होते. कारण वरवर पटते. पण कीर्ती काही आकाशातून पडत नाही. ती भूमिकांमधून मिळते. १९६३ साली सुरू झालेल्या त्या मालिकेत २०१७ च्या अखेरीपर्यंत नायकाची भूमिका केवळ पुरुषांनाच मिळत आली होती. जे दार स्त्रीला बंद होते, त्या दारातून आलेल्या कीर्तीने तिचे वेतन मोजणे न्यायाचे कसे ठरेल?

यात दोष स्मिथ यांचा नव्हता. त्यांनीही समान वेतनाचाच पक्ष घेतला. यापुढे राणीहून अधिक वेतन कोणासही मिळणार नाही, असे निर्मात्यांनी जाहीर केले. मात्र तोवर फॉय यांचे काम संपले होते; पुढील पर्वांत राणीची भूमिका दुसऱ्या अभिनेत्रींकडे गेली.

समान कामासाठी स्त्रीपुरुषांना समान वेतन मिळावे, असे धोरण राज्याने ठेवावे, हे भारताच्या संविधानातील ३९ वे कलम सांगते. पण वेतनाचे आकडे झाकलेले असले की अन्यायही झाकलेला राहतो. एका सभेत कोणी प्रश्न विचारला, म्हणूनच राणीचे वेतन जगाला कळले.

स्वाध्याय
१. स्मिथ यांना अधिक वेतन देण्याचे कोणते कारण सांगण्यात आले?
२. ते कारण न्याय्य का वाटत नाही, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
३. ‘झाकलेला अन्याय’ म्हणजे काय, ते उदाहरण देऊन सांगा.